एडमिन सोडून गेला, आता गिटलॅब आणि एसव्हीएनवरची अकाउंट्स कशी आवरायची?

रूट_मिळाला

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये.

ऑफिसात स्वतःच्या सर्व्हरवर गिटलॅब (गिटचा कोड ठेवायचं वेब ॲप) आहे, कम्युनिटी एडिशन म्हणजे फुकटवाली, बारा-पंधरा जण रोज वापरतात, आणि शेजारी एक जुनं एसव्हीएन (गिटच्या आधीपासूनचं कोड सांभाळायचं सॉफ्टवेअर) पण अजून चालू आहे कारण दोन प्रॉडक्ट्सचा कोड तिथून कोणी हलवलाच नाही. हे सगळं बघणारा माणूस नोकरी सोडून गेला आणि रूटचा पासवर्ड माझ्याकडे आलाय. मी बॅकएंडवाला, गिट रोज वापरतो पण युजर सांभाळायचं काम कधी अंगावर आलं नव्हतं. एडमिन एरियात जाऊन यादी उघडली आणि डोकंच फिरलं.

प्रकार असाय की जे सोडून गेलेत त्यातले बरेच जण अजून ॲक्टिव्ह दिसतात. "डेव्हटीम" नावाचं एक कॉमन अकाउंट आहे, त्याचा पासवर्ड सगळ्यांना माहीत, तीन-चार जण त्याच्यावरूनच पुश करतात (कोड सर्व्हरवर चढवतात) आणि बिल्ड सर्व्हरसुद्धा त्याच्याच कीने कोड ओढतो. लॉग बघावा तर एकाच माणसाची चार नावं, कुठे पूर्ण नाव, कुठे नुसतं पहिलं, कुठे लॅपटॉपचं नाव, काही ठिकाणी चक्क "रूट". आणि एसव्हीएनच्या कॉन्फ फोल्डरात पासवर्डची फाईल उघडली तर सगळ्यांचे पासवर्ड सरळ वाचता येतायत!!

मॅनेजर म्हणतात गेलेल्यांची अकाउंट्स डिलीट कर, विषय संपव. पण डिलीट केलं तर त्यांच्या कॉमिट्स (नोंदवलेले कोडबदल) पण जातात का? इश्यूंवरच्या (कामाच्या नोंदींवरच्या) त्यांच्या कमेंट्सचं काय होतं? आणि डेव्हटीम बंद करायचं तर कुठून सुरू करू? सांगा कोणीतरी.

टर्मिनलवाली

आधी डिलीटच्या बटणावरून हात काढा, मग बाकीचं.

तुमचा सगळा गोंधळ तीन वेगळ्या गोष्टी एकच समजल्यामुळे होतोय. एक, गिटलॅबचं अकाउंट, म्हणजे लॉगिन, रोल, कोणत्या प्रोजेक्टमध्ये काय करता येतं ते. दोन, त्या अकाउंटला लावलेल्या चाव्या, म्हणजे पासवर्डऐवजी चालणाऱ्या एसएसएच की आणि टोकन. तीन, कॉमिटमध्ये लिहिलेलं नाव आणि ईमेल. या तिसऱ्याचा पहिल्या दोघांशी थेट काही संबंध नाही. कॉमिटमधलं नाव येतं ते प्रत्येकाच्या मशीनवरच्या गिट कॉन्फिगमधून, युजर डॉट नेम आणि युजर डॉट ईमेल, आणि गिट ते तपासत नाही. पाकिटाच्या मागे प्रेषक म्हणून कोणाचंही नाव लिहा, पोस्टमन ओळखपत्र मागत नाही, तसंच आहे हे. म्हणून तुमच्या लॉगमध्ये "रूट" दिसतंय, कोणीतरी सर्व्हरवर रूट म्हणून लॉगिन करून तिथूनच कॉमिट मारलीये, बाकी काही नाही.

त्यामुळे कॉमिट्सची काळजी सोडा. अकाउंट डिलीट करा, ब्लॉक करा, काहीही करा, कॉमिट्स जशाच्या तशा राहतात, कारण नाव कॉमिटच्या आतच लिहिलेलं असतं.

पण डिलीटने बाकीचं बरंच जातं. गिटलॅबमध्ये दोन पर्याय दिसतील. नुसतं "डिलीट युजर" केलं तर त्याचे इश्यू, मर्ज रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती), कमेंट्स "घोस्ट युजर" नावाच्या एका सिस्टीम अकाउंटच्या नावावर जातात, म्हणजे मजकूर राहतो पण कोणी लिहिला ते कळत नाही. दोन वर्षांनी "हा निर्णय कोणी घेतला होता" म्हणून जुना इश्यू उघडला की समोर भूत. दुसरा पर्याय "डिलीट युजर अँड कॉन्ट्रिब्युशन्स", तो तर मजकूरच उडवतो. आणि दोन्हींत त्या माणसाच्या पर्सनल नेमस्पेसखाली (त्याच्या नावाच्या जागेत) जे प्रोजेक्ट असतील ते जातात!! गेलेल्या लोकांच्या नेमस्पेसमध्ये कुठली तरी कामाची स्क्रिप्ट पडलेली असतेच असते, ती आधी ग्रुपमध्ये ट्रान्सफर करून घ्या.

सोडून गेलेल्यासाठी "ब्लॉक" वापरा. लॉगिन बंद, एसएसएचने पुश-पुल बंद, टोकनने एपीआय (स्क्रिप्टसाठीचं दार) बंद, आणि इतिहासात नाव जागच्या जागी. मॅनेजरना सांगायचं झालं तर एवढंच सांगा की ब्लॉक केलेला माणूस आत येऊ शकत नाही, त्यांना तेवढंच हवंय.

शांत_सर्व्हर

वरच्या पोस्टला जोड देतो. त्याच मेनूत "डीॲक्टिव्हेट" पण दिसेल, त्याला फसू नका. ते बरेच दिवस न फिरकलेल्या युजरसाठी आहे, आणि असा युजर वेबवरून परत लॉगिन झाला की अकाउंट आपोआप चालू होतं. म्हणजे सोडून गेलेल्या माणसाला डीॲक्टिव्हेट करणं म्हणजे काहीच न करणं. "बॅन" पण असतं, पण त्याने त्या माणसाचे इश्यू आणि कमेंट्स लपतात, ते स्पॅमवाल्यांसाठी, इथे नको.

आता खरी गोष्ट, जी जुना एडमिन गेल्यावर लोक हमखास विसरतात. ब्लॉकने फक्त त्याच्या अकाउंटला लावलेल्या चाव्या बंद होतात. त्याने प्रोजेक्टला लावलेल्या चाव्या तशाच असतात. डिप्लॉय टोकन कोणत्याच माणसाला जोडलेलं नसतं, बनवणारा गेला तरी ते चालतं. प्रोजेक्ट ॲक्सेस टोकनचं पण तसंच, त्याच्या मागे एक बॉट युजर असतो. डिप्लॉय की पण प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये बसलेली असते, माणूस ब्लॉक झाला म्हणून ती यादीतून निघत नाही. तेव्हा प्रत्येक प्रोजेक्टच्या आणि ग्रुपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ही सगळी यादी बघावी लागेल, कंटाळवाणं काम आहे पण करावंच लागेल.

आणि सीआयच्या (आपोआप बिल्ड-टेस्ट चालवणाऱ्या भागाच्या) व्हेरिएबल्स. त्यात डेटाबेसचे पासवर्ड, क्लाऊडच्या कीज, काय काय असतं. ज्याला मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याचा) रोल होता त्याला ते सगळं वाचता येत होतं, एडमिनला तर येतच होतं. ते पासवर्ड बदला. गिटलॅबमध्ये कितीही ब्लॉक केलं तरी वाचलेला पासवर्ड डोक्यातून जात नाही हो.

अजून एक. गिटलॅब ज्या लिनक्स मशीनवर चालतं त्या मशीनवर जुन्या एडमिनचं स्वतःचं लॉगिन असणार. रूटच्या घरातली (होम फोल्डरमधली) ऑथोराइज्ड कीज फाईल, म्हणजे कोणत्या कीला आत घ्यायचं त्याची यादी, उघडून बघा, त्यात त्याची की अजून असेल तर तो गिटलॅबच्या दारातून कशाला येईल, तो मशीनमध्येच येईल. फक्त "गिट" नावाच्या युजरची ऑथोराइज्ड कीज फाईल हाताने बदलू नका, ती गिटलॅब स्वतः लिहितो.

रूट_मिळाला

@शांत_सर्व्हर बापरे, हे डोक्यातच नव्हतं. बघितलं, रूटच्या फाईलमध्ये खरंच त्याची की होती आणि अजून एक आहे जी कोणाची ते कोणालाच माहीत नाही 😐 ती काढू का?

शांत_सर्व्हर

@रूट_मिळाला ओळीच्या शेवटी कमेंट असते, बऱ्याचदा युजर ॲट मशीन असं, त्यावरून अंदाज येतो. नाहीच कळलं तर ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) टाकून बंद करा आणि ऑथ लॉगवर (लॉगिनच्या नोंदींवर) लक्ष ठेवा, कोणाचं काही अडलं तर तो ओरडेलच. पण आधी तुमचं स्वतःचं लॉगिन चालतंय ना हे दुसऱ्या टर्मिनलमधून तपासा, पहिलं सेशन बंद न करता. स्वतःलाच बाहेर कोंडून घेणारे एडमिन बघितलेत.

जुनीवाट

एसव्हीएनबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, आम्ही अजून तेच चालवतो, हसू नका.

पासवर्ड वाचता येतात ते बघून घाबरलात ते बरोबर आहे पण त्यात कोणी काही बिघडवलेलं नाही, एसव्हीएनसर्व्ह (एसव्हीएनचा स्वतःचा सर्व्हर) तसंच बनलंय. ते लॉगिन करताना क्रॅम-एमडी५ वापरतं आणि त्या पद्धतीत सर्व्हरकडे मूळ पासवर्ड असावाच लागतो, म्हणून पासडब्ल्यूडी फाईलमध्ये युजर बरोबर (=) पासवर्ड अशा उघड्या ओळी. त्यामुळे तिथे लोकांनी आपला नेहमीचा पासवर्ड टाकला असेल तर तो सगळीकडे बदलायला सांगा, आणि त्या फाईलची परमिशन अशी ठेवा की सर्व्हर ज्या युजरने चालतो तो सोडून कोणाला वाचता येणार नाही. शिवाय साध्या एसव्हीएन पोर्टवरून कोड पण एन्क्रिप्ट न होता जातो. एसएसएचवरून चालवा नाहीतर अपाचे लावून एचटीटीपीएसवरून द्या, अपाचेत एचटीपासडब्ल्यूडीची फाईल असते, तिच्यात पासवर्ड हॅश करून, म्हणजे सरळ वाचता न येणाऱ्या रूपात, ठेवलेले असतात.

आता त्याहून महत्त्वाचं. एसव्हीएनसर्व्ह डॉट कॉन्फ उघडा आणि ॲनॉन-ॲक्सेसची (लॉगिन न केलेल्यांच्या परवानगीची) ओळ बघा. ती ओळ कमेंट केलेली असेल तर लोकांना वाटतं बंद आहे, पण डिफॉल्ट "रीड" आहे! म्हणजे पासवर्ड न देता नेटवर्कवरचा कोणीही सगळा कोड चेकआउट करू शकतो. तिथे स्पष्ट "नन" लिहा. तुम्ही पासडब्ल्यूडीतून शंभर युजर काढले तरी ही ओळ तशीच असेल तर वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही.

माणूस काढायचा तर पासडब्ल्यूडीतली त्याची ओळ काढा, ऑथझेडमध्ये (कोणाला काय करता येतं त्याची फाईल) ग्रुपातून नाव काढा, झालं. एसव्हीएनसर्व्ह रीस्टार्ट करावा लागत नाही, पुढच्या कनेक्शनला नवीन फाईल वाचली जाते. ऑथझेडमध्ये एकेका माणसाला परवानगी देऊ नका, ग्रुप बनवा, वर ग्रुप्सच्या भागात नावं आणि खाली पाथच्या कंसात ॲट ग्रुप बरोबर आरडब्ल्यू (आर म्हणजे वाचणं, डब्ल्यू म्हणजे लिहिणं). असं असलं की माणूस आला-गेला की एकच ओळ बदलते. आणि कुठे स्टार बरोबर आर लिहिलेलं दिसलं तर ते का आहे ते विचारा, स्टार म्हणजे सगळे.

गिटपेक्षा एसव्हीएन एका बाबतीत सरळ आहे बरं का. तिथे कॉमिटवरचं नाव सर्व्हर टाकतो, ज्या लॉगिनने आलात तेच, क्लायंटला खोटं नाव टाकता येत नाही. (कॉमन लॉगिन असेल तर मात्र तिथेही बोंब.) नंतर बदलायचं असेल तर ते एसव्हीएन कोलन ऑथर या रिव्हिजन प्रॉपर्टीत असतं, पण त्यासाठी प्री-रेव्हप्रॉप-चेंज हुक (अशा वेळी सर्व्हरवर आपोआप चालणारी स्क्रिप्ट) चालू करावा लागतो आणि जुनी किंमत कुठेच राहत नाही, म्हणून उगाच हात लावू नका.

मर्ज_कॉन्फ्लिक्ट

लॉगमधल्या चार नावांसाठी गिट फिल्टर-रेपो (रेपोचा, म्हणजे कोडच्या साठ्याचा, इतिहास नव्याने लिहिणारं टूल) वापरा, त्याला मेलमॅप (चुकीच्या नावाला बरोबर नाव जोडणारी) फाईल दिली की सगळ्या जुन्या कॉमिट्समधली नावं बदलून देतो, मोठा रेपो असला तरी पटकन होतं. आम्ही केलंय. लॉग एकदम स्वच्छ.

टर्मिनलवाली

@मर्ज_कॉन्फ्लिक्ट चालू रेपोवर हा सल्ला देऊ नका हो. नाव बदललं की कॉमिटचा हॅश (तिच्या मजकुरावरून बनणारा ओळख नंबर) बदलतो, एका कॉमिटचा बदलला की तिच्या पुढच्या सगळ्यांचा बदलतो. मग पंधरा लोकांनी नव्याने क्लोन (रेपोची प्रत) करायचं, एकाने जुन्या क्लोनवरून पुश केलं की दोन्ही इतिहास एकत्र, इश्यूत कोणी कॉमिटचा नंबर लिहिला असेल तर ती लिंक जुन्या कॉमिटकडे, आणि साईन केलेल्या कॉमिट्स असतील तर सह्या पण जातात. चार नावं एक दिसावी म्हणून एवढं?

त्यापेक्षा हेच मेलमॅप इतिहासाला हात न लावता वापरता येतं. रेपोच्या मुळाशी डॉट मेलमॅप नावाची फाईल बनवा. प्रत्येक ओळीत आधी योग्य नाव, मग टोकदार कंसात योग्य ईमेल, मग टोकदार कंसात तो ईमेल जो चुकून वापरला गेला. एकाच ईमेलवर दोन नावं असतील तर शेवटच्या ईमेलच्या आधी चुकीचं नाव पण लिहा. फाईल कॉमिट करा, झालं. लॉग, ब्लेम, शॉर्टलॉग सगळे ती वाचतात, लॉगने आपोआप वाचायला २.२३ पासून सुरुवात केली, त्याआधीचं गिट असेल तर यूज-मेलमॅप द्यावं लागतं. कोणाची किती नावं आहेत ते बघायला गिट शॉर्टलॉग -एस -एन -ई चालवा, ईमेलसकट यादी येते. (कमांड्स देवनागरीत टाईप करतेय, टर्मिनलमध्ये आपलं नेहमीसारखं.)

गिटलॅबच्या पानावर त्या जुन्या कॉमिट्ससमोर त्या माणसाचा फोटो आणि प्रोफाईल दिसावं असं वाटत असेल तर तो जुना ईमेल त्याच्या अकाउंटला दुसरा ईमेल म्हणून जोडावा लागतो. लॅपटॉपच्या नावाचा ईमेल व्हेरिफाय कसा करणार, तिथे मेल जातच नाही, पण एडमिनला एपीआयमधून कन्फर्मेशन वगळून ईमेल जोडता येतो. मला विचाराल तर एवढं करू नका, फोटो नाही दिसला तर कोणाचं काय अडतंय.

मर्ज_कॉन्फ्लिक्ट

@टर्मिनलवाली ठीके, चालू रेपोसाठी मान्य. पण एसव्हीएन गिटमध्ये आणताना तरी नावं तेव्हाच नीट करा, कारण तिथे नवीन हॅश बनणारच आहेत. गिट एसव्हीएनला ऑथर्स फाईल द्यायची, डावीकडे एसव्हीएनचं लॉगिन, बरोबर, उजवीकडे पूर्ण नाव आणि टोकदार कंसात ईमेल. एखादं लॉगिन फाईलमध्ये नसेल तर तो तिथेच थांबतो, म्हणून आधी एसव्हीएन लॉग -क्यू चालवून सगळी नावं वेगळी काढा. गेलेल्या लोकांची पण टाका, त्यांना वगळून चालत नाही.

रूट_मिळाला

खूप मदत झाली, सगळ्यांचे आभार. आता डेव्हटीमचं सांगा. टीममधले दोघं म्हणतात "छोटी टीम आहे, काय फरक पडतो, एकच अकाउंट सोपं पडतं, उगाच लायसन्सचे पैसे कशाला". आणि अजून एक, वर लिहिलंय की कॉमिटवर कोणाचंही नाव टाकता येतं, मग उद्या कोणी माझ्या नावाने काहीतरी घुसवलं तर मी कसं सिद्ध करणार की तो मी नाही?

शांत_सर्व्हर

लायसन्सचं कारण तर टिकतच नाही. स्वतःच्या सर्व्हरवरच्या फुकट गिटलॅबला युजरची मर्यादा नाही. पाच जणांची मर्यादा त्यांच्या क्लाऊडवरच्या फुकट प्लॅनमध्ये, प्रायव्हेट ग्रुपसाठी आहे, तिथलं ऐकलेलं इथे लावतायत.

कॉमन अकाउंटचा त्रास माणूस गेला की समजतो. एक गेला तर पासवर्ड बदला, मग उरलेल्या सगळ्यांना सांगा, बिल्ड सर्व्हरमध्ये बदला, तोपर्यंत बिल्ड बंद. म्हणून कोणी बदलतच नाही. तुमच्याकडे कितीजण गेल्यावर डेव्हटीमचा पासवर्ड बदलला गेला? विचारून बघा. शिवाय त्या अकाउंटवरून स्वतःच स्वतःची मर्ज रिक्वेस्ट ॲप्रूव्ह होते, लिहिणारा डेव्हटीम, बघणारा डेव्हटीम.

काढायचा क्रम असा ठेवा. आधी माणसं वेगळी करा, प्रत्येकाला स्वतःचं अकाउंट, रोल ग्रुपच्या पातळीवर द्या, एकेका प्रोजेक्टमध्ये नको. कोड लिहिणाऱ्याला डेव्हलपर पुरतो, मेन ब्रँच (कोडची मुख्य शाखा) प्रोटेक्टेड ठेवायची, मेंटेनर दोघा-तिघांना, ओनर एक-दोन. एडमिन मात्र दोन जण असू द्या, तुमच्यासारखीच वेळ पुढच्यावर नको. एक अडचण येईल, लोक आपली की स्वतःच्या अकाउंटला जोडायला जातील आणि "फिंगरप्रिंट हॅज ऑलरेडी बीन टेकन" असा एरर येईल. कारण एक की एकाच अकाउंटला लागते आणि ती आधीच डेव्हटीमला लावलेली आहे. आधी तिथून काढा मग इकडे जोडा, किंवा सरळ नवीन की बनवा, मी तर नवीनच बनवायला सांगेन. जोडून झाल्यावर एसएसएच -टी गिट ॲट सर्व्हर असं चालवायला सांगा, "वेलकम टू गिटलॅब" आणि पुढे युजरनेम येतं. तिथे डेव्हटीम दिसलं तर अजून जुनीच की जातेय. सगळेजण "गिट" याच नावाने कनेक्ट होत असतात, कोण आलंय हे सर्व्हरला कीवरूनच कळतं, त्यामुळे ही तपासणी महत्त्वाची.

मग बिल्ड सर्व्हर. त्याला फक्त कोड वाचायचाय ना, मग त्या प्रोजेक्टवर डिप्लॉय की द्या, लिहिण्याची परवानगी न देता. सगळ्यात शेवटी डेव्हटीम ब्लॉक. डिलीट नाही.

टर्मिनलवाली

नावाच्या खोटेपणाबद्दल. पुश कोणी केलं हे गिटलॅबला माहीत असतं, कारण पुश करायला खरी की किंवा टोकन लागतं. प्रोजेक्टच्या ॲक्टिव्हिटीत "अमक्याने पुश केलं" दिसतं ते खरं, कॉमिटवरचं नाव हे त्याने सांगितलेलं. तेव्हा कोणी तुमच्या नावाने कॉमिट बनवून स्वतःच्या अकाउंटवरून पुश केली तर तो सापडतो. डेव्हटीमवरून केली तर नाही सापडत, म्हणून ते आधी बंद व्हायला हवं.

एक फरक लक्षात असू द्या, नाहीतर निष्पाप माणसावर आळ येईल. कॉमिटमध्ये दोन नावं असतात, ऑथर आणि कमिटर. मी तुमची कॉमिट चेरी-पिक केली किंवा रीबेस केली, म्हणजे उचलून दुसरीकडे पुन्हा लावली, तर ऑथर तुम्ही राहता, कमिटर मी होते. लॉग साधा बघितला तर फक्त ऑथर दिसतो, दोन्ही बघायला प्रेटी बरोबर फुलर द्या.

पक्कं हवं असेल तर सही. पूर्वी जीपीजीच्या (सही करायच्या वेगळ्या टूलच्या) भानगडीमुळे कोणी करायचं नाही, पण गिट २.३४ पासून, म्हणजे २०२१ च्या शेवटापासून, आहे त्याच एसएसएच कीने सही करता येते. जीपीजी डॉट फॉरमॅट ला एसएसएच, युजर डॉट साईनिंगकी ला पब्लिक कीचा पाथ, कमिट डॉट जीपीजीसाईन ला ट्रू. गिटलॅबमध्ये ती की जोडताना वापर "ऑथेंटिकेशन अँड साईनिंग" निवडा, मग कॉमिटपुढे व्हेरिफाइड येतं. आणि पुढे कोणाची की काढायची वेळ आली तर बघून काढा, साधी काढली तर जुन्या कॉमिट्सवरचं व्हेरिफाइड राहतं, "रिव्होक" केली तर त्या कीच्या सगळ्या कॉमिट्स अनव्हेरिफाइड होतात. माणूस नीट निरोप घेऊन गेला असेल तर साधी, की चोरीला गेली असेल तर रिव्होक.

मात्र पंधरा जणांच्या टीममध्ये पहिल्या दिवशी सही सक्तीची करू नका. आधी अकाउंट्स, मग चाव्या, लोकांना सवय लागू दे. माझं मत विचाराल तर सहीपेक्षा टू-फॅक्टर (पासवर्डसोबत फोनवरचा कोड) आधी चालू करा, एडमिनच्या सेटिंगमध्ये सगळ्यांना सक्ती करता येते आणि काही दिवसांची मुदतही देता येते.

जुनीवाट

टू-फॅक्टर चालू करताना रिकव्हरी कोड उतरवून घ्यायला सांगा, नाहीतर फोन बदलला की सगळे तुमच्या टेबलाशी उभे.

रूट_मिळाला

अपडेट. गेलेल्यांचे पर्सनल प्रोजेक्ट ग्रुपमध्ये हलवले (एका नेमस्पेसमध्ये खरंच बॅकअपची स्क्रिप्ट निघाली!), मग सगळ्यांना ब्लॉक केलं. एसव्हीएनमध्ये ॲनॉन-ॲक्सेस कमेंटच होतं, "नन" केलं. पण आता रात्री जे शेड्यूलवर पाइपलाइन (बिल्ड-टेस्टचं आपोआप काम) चालायचं ते चाललंच नाही, आणि कोणी काही बदललं नाहीये म्हणतात. ब्लॉकमुळे झालं का हे?

शांत_सर्व्हर

हो त्यामुळेच. शेड्यूल ज्याने बनवलं त्याच्याच परवानगीने चालतं, तो ब्लॉक झाला की ते पण थांबतं. प्रोजेक्टच्या पाइपलाइन शेड्यूल्समध्ये जा, त्या ओळीत "टेक ओनरशिप" आहे ते दाबा, मग ॲक्टिव्ह आहे ना बघा. पण तुमच्या एडमिन अकाउंटच्या नावावर घेऊ नका, नाहीतर ते पाइपलाइन तुमच्या परवानगीने धावेल. ज्याच्या प्रोजेक्टचं काम आहे त्या मेंटेनरला घ्यायला सांगा.

आणि टोकनं बघितली का? गिटलॅब १६.० पासून पर्सनल ॲक्सेस टोकनला सहसा मुदत टाकावी लागते, मुदत संपली की अशाच रात्रीच्या स्क्रिप्ट्स गुपचूप मरतात आणि लोक ब्लॉकला दोष देतात. एडमिन म्हणून एपीआयवर पर्सनल ॲक्सेस टोकन्सची यादी युजर आयडी देऊन काढता येते, चालू माणसांची पण एकदा काढा, कोणाकडे काय आहे ते कळेल.

रूट_मिळाला

टेक ओनरशिपने चाललं, धन्यवाद 🙏 टोकनची यादी काढतो.

एक शेवटचं, नवीन कॉमिट्समध्ये अजून लॅपटॉपच्या नावाचा ईमेल येतोय एकाचा, दोनदा सांगून झालं. हे सर्व्हरवरून अडवता येतं का?

टर्मिनलवाली

गिटलॅबमध्ये यासाठी पुश रूल्स असतात पण ते पैसेवाल्या आवृत्तीत. तुम्ही कम्युनिटीवर आहात तर सर्व्हर हुक लिहावा लागेल, प्री-रिसिव्ह. तो येणाऱ्या नवीन कॉमिट्स बघतो आणि ईमेल कंपनीच्या डोमेनचा नसेल तर पुश नाकारतो. डोमेनपर्यंतच तपासा, "ऑथर आणि पुश करणारा एकच हवा" असा नियम टाकलात तर दुसऱ्याची ब्रँच रीबेस करून पुश करणारा प्रत्येकजण अडकेल. आणि नवीन कॉमिट्सवरच लावा, नाहीतर जुना इतिहास असलेली ब्रँच पहिल्यांदा पुश केली की ती पण नाकारली जाईल.

त्या माणसाच्या मशीनवर मात्र एक ओळ बास, गिट कॉन्फिगमध्ये ग्लोबल युजर डॉट यूजकॉन्फिगओन्ली ट्रू. मग नाव-ईमेल सेट केलेलं नसेल तर गिट लॅपटॉपच्या नावावरून स्वतः अंदाज लावत नाही, कॉमिटच करू देत नाही. हे प्रत्येकाच्या मशीनवर वेगळं करावं लागतं, सर्व्हरवरून ढकलता येत नाही, म्हणून नवीन माणूस रुजू झाला की पहिल्या दिवशीच्या सेटअप स्क्रिप्टमध्येच टाकून ठेवा.

रूट_मिळाला

सेटअप स्क्रिप्ट असं काही आमच्याकडे नाहीच आहे 😅 बनवतो. एसव्हीएन हलवायला घेतलं की नवीन धागा उघडेन, ऑथर्स फाईलसाठी जुन्यांची नावं जमवायला सुरुवात केलीये.